आशाताईंच्या फॉर्ममध्ये रस्त्याचा प्रश्न हवा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

आशाताई घरोघरी जो सीबॅक फॉर्म, म्हणजे आजारांच्या प्राथमिक चाचपणीची प्रश्नावली, भरून घेतात, त्यात साठीपुढच्यांना विसरण्याबद्दल प्रश्न आहे: जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? माझ्या सासूबाईंनी ठणकावून 'नाही' सांगितलं असतं. नावं, पत्ता, नातवंडांचे वाढदिवस, सगळं तोंडपाठ. फक्त इथे नाशिकला गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारातून परतताना, आयुष्यभर पायाखालच्या रस्त्यावर, मालेगाव स्टँडपाशी त्या थबकून राहू लागल्या. डॉक्टर म्हणाले, वय झालं. पुढे निदान अल्झायमरचं निघालं.

मेंदूच्या पेशीच्या लांब तंतूंमध्ये सूक्ष्मनलिका असतात. पेशीत तयार झालेला माल त्यांच्यावरून टोकापर्यंत जातो. टाऊ नावाचं प्रथिन या नलिका सांधून धरतं. अल्झायमरमध्ये टाऊला फॉस्फेट गरजेपेक्षा जास्त चिकटतं, त्याची पकड सुटते आणि सुटं झालेलं टाऊ पीळ पडून पेशीतच गुंते करतं. 1906 साली अलोइस अल्झायमर यांनी एका मृत रुग्णाच्या मेंदूत पाहिले ते हेच गुंते. वाहतूक मंदावते, शेजारच्या पेशीशी असलेले जोड निकामी होऊ लागतात. पेशी अजून जिवंत असते, पण निरोप पुढे जात नाही.

आता फॉर्मशी याचा संबंध. 1991 मध्ये हायको आणि एव्हा ब्राक या मेंदू-संशोधक दांपत्याने मृतांचे मेंदू तपासून या गुंत्यांचा क्रम लावला. सुरुवात होते कानशिलाच्या आत, एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्सच्या परिसरात, मग नव्या आठवणी घडवणारा हिप्पोकॅम्पस, मेंदूचा बाकीचा पृष्ठभाग नंतर. आणि एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्समध्येच आपण कुठे आहोत याचा हिशेब ठेवणाऱ्या ग्रिड पेशी असतात, ज्यांच्या शोधाला 2014 च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. म्हणून काही जणांची वाट आधी चुकते, नावं पुष्कळ नंतर जातात. घराचा पत्ता आठवेनासा होईपर्यंत टाऊ बरंच पसरलेलं असतं. या आजारात पेशींच्या बाहेर साचणाऱ्या अमायलॉइड या दुसऱ्या प्रथिनाच्या गाठींचा बोलबाला जास्त, पण माणसाची समज किती ढासळली हे टाऊच्या पसाऱ्याशीच अधिक जुळतं.

रस्ता चुकणारा प्रत्येक जण अल्झायमरचा नसतो, हे मान्य. बी-12 ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या यांनीही गोंधळ उडतो. पण ही तर लवकर विचारण्याची आणखी मोठी सबब, कारण यातलं बरंचसं उपचारांनी सुधारतं.

फॉर्म केंद्राचा आहे, ठाऊक आहे. तो बदलेपर्यंत राज्यातल्या आशाताईंना एवढंच शिकवा: 'नेहमीच्या रस्त्यावर हल्ली गोंधळ होतो का?' आणि हे घरच्यांनाही विचारा, कारण स्वतः माणूस लपवतो. उत्तर 'हो' आलं तर जिल्हा रुग्णालयात पाठवायची चिठ्ठी. प्रशिक्षणासाठी आरोग्य विद्यापीठ इथेच म्हसरूळला आहे. वाढीव कामाचं मानधन मात्र द्या. आशाताईंवर फुकटचे प्रश्न पुष्कळ लादले आहेत.

दुसरं, 2027 च्या सिंहस्थाचं. हरवलेल्या म्हाताऱ्या माणसाचं नाव लाऊडस्पीकरवर पुकारायचं, नातेवाइकांच्या हवाली करायचं, की काम संपलं. गर्दीत कुणीही चुकेल. पण घरीही असं होतं का, हे तिथेच विचारून तपासणीची चिठ्ठी त्यांच्या हाती द्यावी, मग ते नांदेडचे असोत की नंदुरबारचे. सिंहस्थाच्या आरोग्य आराखड्यात ही ओळ घालावी, ही विनंती.

आपली,
पंचवटीतील एक रहिवासी