सामाईक सातबाऱ्यात अडकलेली मदत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अतिवृष्टीच्या मदतीची बातमी नेहमी कोटींत येते. 7 ऑक्टोबर 2025 रोजी राज्य सरकारने जाहीर केलेले पॅकेज 31,628 कोटींचे होते. शेतकऱ्याचा हिशेब मात्र हेक्टरी असतो. 2025 च्या त्या दरांनुसार पीक 33 टक्के किंवा त्याहून अधिक गेले असेल, तर कोरडवाहूला 8,500, बागायतीला 17,000 आणि बहुवार्षिक पिकाला 22,500 रुपये. रब्बीसाठी म्हणून त्या वेळी हेक्टरी 10,000 वाढवून दिले, ते वेगळे. मूळ दर एकरात मांडला, तर कोरडवाहूला जेमतेम 3,400 रुपये होतात.

एवढ्या पैशांसाठीसुद्धा घरोघर अडते ते सामाईक खात्यावर. आमच्या पुरंदरमधल्या सातबाऱ्यावर माझे नाव आहे, बहिणींचे आहे, काकांचे आहे आणि मुंबईत स्थायिक झालेल्या चुलतभावांचेही आहे. शेत कसतो एकटा माझा भाऊ. पेरणी त्याची, उधारी त्याची, पाण्यात गेलेला कांदाही त्याचाच. तरी मदत त्याच्या नावावर पडायची, तर बाकी सगळ्यांचे संमतीपत्र लागते. एक जण पुण्यात, एक नालासोपाऱ्यात, एकाचे निधन होऊन वारसनोंद राहिलेली. कुठे साध्या कागदावरची सही चालते, कुठे मुद्रांक आणि नोटरी मागतात. गाडीभाडे धरले तर लहान खातेदाराच्या हाती काय उरणार? मग लोक नादच सोडून देतात, याचे मला फार वाईट वाटते.

बहिणींच्या मनात आणखी एक भीती असते. सही केली की हिस्सा गेला, असे अनेकींना वाटते. हे चूक आहे. मदतीचे संमतीपत्र म्हणजे हक्कसोडपत्र नव्हे. जमिनीवरचा हक्क सोडायचा तर दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवावा लागतो. म्हणून बहिणींनो, कागद वाचा. त्यात फक्त अमुक हंगामाची नुकसानभरपाई अमुक खातेदाराच्या बँक खात्यात जमा करावी, एवढेच असेल तर निर्धास्त सही करा. हिश्शाचा शब्द असेल तर मुळीच करू नका. आणि भावांनीही मदतीच्या नावाखाली दुसराच कागद पुढे सरकवू नये.

प्रशासनाकडे माझी मागणी साधी आहे. ई-पीक पाहणी 2021 पासून राज्यभर सुरू आहे. सामाईक गटात पीक कोणी लावले, याची नोंद तिथेच सापडते. ती नोंद करणाऱ्याचे नाव चावडीवर लावा, हरकतीसाठी पंधरा दिवस द्या आणि हरकत आली नाही तर पैसे त्याच्या खात्यात टाका. हरकत आली तर तेवढेच प्रकरण थांबवा. ज्यांचे पैसे अडले त्यांच्या नावापुढे कारणही लिहा: केवायसी बाकी, आधार जोडलेले नाही, की संमतीपत्र नाही. तलाठी कार्यालयात हेलपाटे घालणाऱ्या माणसाला निदान काय आणायचे ते तरी कळेल.

पुण्यात राहणाऱ्या आणि गावच्या सातबाऱ्यावर नाव असलेल्या वाचकांची संख्या मोठी आहे. त्यांनी या आठवड्यात गावी एक फोन करून आपल्या सहीवाचून कुणाचे पैसे अडलेत का, एवढे विचारावे.

– एक सहखातेदार, हडपसर, पुणे