शनिवारची वेळ घेतली आहे

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर आईचा आवाज ऐकला की ठरवलेलं सगळं घशातच राहतं, म्हणून लिहितेय. आईला हल्ली विसर पडतो, त्यासाठी येत्या शनिवारी बेळगावातल्या मेंदूविकारतज्ज्ञांची वेळ घेतली आहे. तुम्हाला न विचारता घेतली, रागावू नका. विचारलं असतं तर बाबा "पावसाळा सरू दे, मग बघू" म्हणाले असते. नंदगडच्या आजीच्या वेळीही आपण असंच बघत बसलो होतो.

गणपतीत कुकरची शिट्टी देवघरात, समईच्या मागे सापडली. आई, तू हसलीस, मीही हसले. पण त्यानंतर कितीतरी वेळ तू पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होतीस. आणि बाबा, ती शब्दाला अडली की तिचं वाक्य तुम्ही पुरं करता. मायेनंच करता, मला कळतं. पण डॉक्टरांपुढे तेवढं करू नका, नाहीतर तिचं अडणं त्यांना दिसणारच नाही.

आई, तुझ्या मनात आजी आहे, ठाऊक आहे मला. आईला अल्झायमर, म्हणजे स्मृती हळूहळू जाण्याचा आजार, होता म्हणून लेकीला होतोच, असं नाही. धोका थोडा वाढतो, इतकंच. शिवाय प्रत्येक विसर म्हणजे अल्झायमर नव्हे. बी-१२ कमी झालं, थायरॉइड बिघडलं, मन खचलं तरी असंच होतं, आणि त्यावर उपचार आहेत. म्हणून आधी रक्त तपासायचं. समजा तोच निघाला, तरी लवकर कळलं तर पुढचं सगळं तुझ्याशी बोलून ठरवता येईल. आजीला ते कुणी विचारलंच नाही. मेंदूतले बदल म्हणे लक्षणं दिसायच्या १५-२० वर्षं आधीच सुरू होतात. म्हणजे चाळिशीतल्या मलाही आत्ताच जपायला हवं. रोज चालायला लागलेय.

२०२४ साली 'लान्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञांनी १४ गोष्टी सांगितल्या. त्या सांभाळल्या तर जगातला सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकतो किंवा लांबवता येतो. बी.पी., साखर, कोलेस्टेरॉल त्यात आहेतच, पण मी थांबले ती कानापाशी. ऐकू येत नाही म्हणून तू भजनी मंडळ सोडलंस ना? कमी ऐकू येणं आणि एकटं पडणं, दोन्ही त्या यादीत आहे. कानाचं मशीन घेऊ. पैसे बाजूला काढलेत, त्यावर चर्चा नको.

प्रश्न मराठीतून विचारतील, मी विचारून ठेवलंय. कानडीत अडखळलीस तर तो विसर धरला जायला नको. विसर तपासायला कदाचित कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगतील. मला घड्याळ तूच शिकवलंस, पाटीवर, चुलीपुढे बसून. काटे चुकले तर चुकू देत, मी शेजारीच असेन.

आणि तुम्हाला पुण्याला हलवायचं माझ्या मनातही नाही. वडगावचं घर, तुळस, बाबांची ओट्यावरची खुर्ची, सगळं आहे तिथंच राहील. दहा दिवसांची रजा टाकलीय, मीच येते.

बाबा, आईच्या सगळ्या गोळ्या आणि जुन्या चिठ्ठ्या एका पिशवीत भरून ठेवा. बी.पी.ची गोळी चुकवू नका. आई, चष्मा बरोबर घे, तो जाड काचांचा. शुक्रवारी रात्री उशीर होईल, जागू नका. किल्ली आहे माझ्याकडे.

तुमची,
बाळी