तारीख आधी, कामं मागून

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

फाळणीत चूक रेषेची की घाईची, असं तू विचारलंस. माझ्या मते चुकला तो कामांचा क्रम.

ब्रिटिश पंतप्रधान अॅटलींनी सत्ता सोडायला जून १९४८ ची मुदत दिली होती. ३ जून १९४७ ला फाळणीची योजना जाहीर झाली आणि दुसऱ्याच दिवशी व्हाइसरॉय माउंटबॅटननी १५ ऑगस्ट ही तारीख सांगून टाकली. उरले ७२ दिवस. तेवढ्यात फौज, खजिना, रेल्वे, कचेऱ्यांतल्या टेबल-खुर्च्यांपर्यंत सगळ्याची वाटणी करायची. हे काम बरंचसं निभावलं, कारण एच. एम. पटेल आणि चौधरी मुहम्मद अली हे दोन बाजूंचे सनदी अधिकारी एकत्र बसून काम करत होते आणि त्यांच्या हाताखाली १० तज्ज्ञ समित्या होत्या. या दोघांचं मला फार कौतुक वाटतं.

रेषेचं मात्र उलटं झालं. ती आखायला नेमलेले ब्रिटिश वकील रॅडक्लिफ ८ जुलैला आले. पंजाब आणि बंगाल अशा दोन्ही सीमा आयोगांत दोन्ही बाजूंचे दोन-दोन न्यायाधीश, त्यामुळे मतं सारखी फुटायची आणि निर्णय एकट्या रॅडक्लिफांवर यायचा. निवाडा जाहीर झाला १७ ऑगस्टला, म्हणजे सत्ता देऊन झाल्यावर. तोवर बंगालातल्या मालद्यात पाकिस्तानचा झेंडा फडकत होता. निवाड्यात मालदा भारतात आलं. आपण कुठल्या सरकारचे, हेच ठाऊक नसेल तर ठाणेदाराने हुकूम कुणाचा मानायचा? आधी रेषा, मग अधिकारी आणि पोलीस जागेवर, आणि शेवटी सत्ता, असं व्हायला हवं होतं.

आता पाण्याचं बघ. आपल्याकडे भाऊ वेगळे झाले तर वाटणीपत्रात विहिरीवरच्या पाण्याची पाळीसुद्धा लिहितात. इथे रावीवरचं माधोपूर आणि सतलजवरचं फिरोजपूर ही दोन्ही हेडवर्क्स (नदीचं पाणी कालव्यात वळवणारे बंधारे) भारतात आली आणि त्यांचे कालवे पाकिस्तानातली शेतं भिजवत होते. पाणी पूर्वीसारखंच चालू राहील, असं धरून चालले. डिसेंबरात तात्पुरता करार झाला, त्याची मुदत ३१ मार्च १९४८ ला संपली. १ एप्रिलला पूर्व पंजाबने पाणी तोडलं, ऐन खरिपाच्या तोंडावर! ४ मे ला दिल्लीत समझोता झाला. कायमचा करार व्हायला १९६० उजाडलं.

नकाशा उघड, माधोपूर शोध आणि तिथून निघणारा कालवा लाहोरकडे बोटाने धरत जा. बाकी भेटीत बोलू.

तुझे,
बाबा