अल्कोहोलचा लिटरलिटर हिशोब आहे, मळीच्या पाण्याचा का नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमची विहीर ओढ्याला लागूनच आहे, मधी फक्त एक बांध. मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाला सकाळी मोटार चालू केली तर पाटात आलेलं पाणी पार कोऱ्या चहासारखं, वरती फेस, आणि वास असा की बैलांनी हौदात तोंड घातलं अन् तसंच मागं घेतलं. वरच्या अंगाला साखर कारखान्याची डिस्टिलरी आहे, मळीपासून अल्कोहोल काढायची, रात्रीतून मळीचं पाणी ओढ्यात आलं हे गावात लहान पोराला पण कळलं. अर्ज दिला तर प्रदूषण मंडळाचे साहेब आठव्या दिवशी आले, तोवर ओढा वाहून गेला होता. बाटली भरली ती पण कारखान्याच्या सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटच्या तोंडाशी, ओढ्यातलं पाणी घेतलंच नाही. रिपोर्ट आला, बीओडी (पाण्यात सडणारी घाण किती ते सांगणारा आकडा) 28, मर्यादा 30. मग माहिती अधिकारात जुने रिपोर्ट काढले तर 27, 29, 28, 26. गाळप कमी असो का जास्त, आकडा 30 च्या जरा खालीच बसलेला.

कुणी पैसे घेतले असं मी म्हणत नाही, माझ्याकडं पुरावा नाही. पण असा आकडा दिसला की तिथं तपासायला पाहिजे एवढं तरी खरं ना. गुजरातमधे नेमकं हेच सापडलं होतं. तिथं कारखान्यांच्या प्रदूषणाचं ऑडिट करणाऱ्याला नेमायचा पण कारखाना आणि पैसे द्यायचा पण कारखाना, आणि धुराचे बरेच आकडे 150 च्या मर्यादेच्या अगदी खाली गोळा झालेले. 2009 ते 2011 मधे काही कारखान्यांत प्रयोग केला, ऑडिटर चिठ्ठ्या टाकल्यासारखा ठरवला, पैसे एका कॉमन फंडातून दिले, काही मोजण्या दुसऱ्याकडून परत करून घेतल्या. रिपोर्ट खरे यायला लागले आणि प्रदूषण पण कमी झालं. आपल्याकडं अजून मोठ्या प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल करणारा कन्सल्टंट प्रकल्पवालाच नेमतो.

डिस्टिलरीचं तर गणित सोपं आहे. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढलं की साधारण 8 ते 15 लिटर स्पेंट वॉश, म्हणजे हेच मळीचं घाण पाणी, निघतं. अल्कोहोलवर कर आहे म्हणून उत्पादन शुल्कवाले त्याचा लिटरलिटर हिशोब ठेवतात. मग त्या आकड्याला गुणून स्पेंट वॉश किती निघालं ते काढा, आणि प्लांटला किती आटवलं, कंपोस्टला किती गेलं, प्लांटची वीज किती जळाली, ते शेजारी ठेवा. फरक दिसेल तिथं आधी जा, आणि न सांगता जा. हे सगळे आकडे सरकारकडंच येतात, फक्त एका ऑफिसचा कागद दुसरं ऑफिस बघत नाही.

वाळूचं पण तसंच. मांजरा नदीत रात्री ट्रॅक्टर उतरतात हे सगळ्यांना माहीत आहे आणि कारवाई कुणावर, तर ड्रायव्हरवर. पण वाळू जाते कुठं? तालुक्यातली सरकारी कामंच घ्या, पूल, नाल्या, शाळाखोल्या, त्यांच्या एस्टिमेटमधे वाळू किती ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) लागली ते लिहिलेलं असतं. तेवढ्या ब्रासच्या वाहतूक पास निघाल्या का ते महसूलकडं बघता येतं. ठेकेदारानं पास दिली नाही तर बिलातून रॉयल्टी कापून घेतात आणि फाईल पुढं सरकते, वाळू कुठल्या पात्रातून आली हे कुणी विचारत नाही. माझ्या मते सगळ्यात मोठं भोक इथंच आहे, पण ह्याच्यावर कुणी बोलत नाही. क्रशर, वीटभट्ट्या, एमआयडीसीचं सांडपाणी, सगळीकडं असंच जोडून बघता येईल.

2016 ला ह्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्याच जिल्ह्यात पाणी असलेली विहीर अशी नासावी ह्याचं फार वाईट वाटतं. आई अजून पण मोटार चालू झाली की आधी ओंजळीत पाणी घेऊन वास घेते.

तुमच्या पेपरची माणसं प्रत्येक तालुक्यात आहेत म्हणून विनंती करतो. एका तालुक्यातल्या एका वर्षाच्या कामांची वाळू आणि त्याच वर्षाच्या पास, एवढेच दोन आकडे शेजारी शेजारी छापा. माझ्याकडची रिपोर्टची झेरॉक्स कधी पण देतो.

आपला,
मांजराकाठचा एक शेतकरी वाचक, जि. लातूर