थिनरच्या वाफेचा हिशोब मांडून देणाऱ्या मॅडमना

मॅडम, सप्रेम नमस्कार.

अजिंठा चौफुलीकडच्या आमच्या डेंटिंग-पेंटिंगच्या शेडमध्ये तुम्ही गाडीचं दार रंगवायला टाकलं होतं. न्यायला आलात आणि आमच्या पोराच्या प्रश्नात अडकलात. फुल बाह्यांचा शर्ट घाल म्हणून मी त्याला दटावत होतो. जळगावचा मे महिना, तो कशाला ऐकतो! म्हणाला, "नाक ते झाकं ना भो, आते आंग काय सास लेस का?" अंग काय श्वास घेतं का, याचं मला उत्तर सुचेना. तुम्ही मात्र स्टूल ओढून बसलात. त्याबद्दल हे पत्र.

"काळजी घ्या" सांगणारे पुष्कळ येतात. कातडीतून वाफ शिरते हे मोजलं कसं, हे सांगणारं माणूस आम्हाला पहिल्यांदाच भेटलं. फिनलंडमध्ये 1978 साली माणसांना पातळ कपड्यांत टोल्यूइन, झायलीन असल्या थिनरातल्या रसायनांच्या वाफेत ठेवलं. तोंडभर मास्क, म्हणजे नाकावाटे काही जायला नको. मग अंगात जे सापडेल ते कातडीतूनच आलेलं. नाकाने जेवढं गेलं असतं त्याच्या फार तर दोनेक टक्के निघालं. पोरगं लगेच माझ्याकडे बघून हसलं. तुम्ही म्हणालात, "थांब, सगळी थिनरं सारखी नसतात."

मग ती ब्युटॉक्सिइथेनॉलची गोष्ट. पाण्यावरच्या रंगांत आणि काही क्लीनरमध्ये असतं ते. 1991 मध्ये स्वीडनच्या लोकांनी तोच खेळ केला: एकदा वाफ फक्त तोंडाने घ्यायची, एकदा फक्त कातडीने. बोटाला सुई टोचून रक्त तपासलं, तर हिशोब आला की उघड्या अंगाने वाफेत बसलं तर पाऊण माल कातडीतूनच जातो! इथे आमच्या कॉम्प्रेसरवाल्यानेसुद्धा मोटर बंद केली.

पण तुम्ही तिथे थांबला नाहीत, हे मला फार आवडलं. 1997 मध्ये अमेरिकेत नुसता एक हात वाफेत ठेवला आणि रक्त दोन ठिकाणचं घेतलं: त्याच हाताच्या बोटाचं, आणि बाहेरच्या हाताच्या शिरेचं. बोटाच्या रक्तात हजार पटीहून जास्त निघालं. म्हणजे बोटाचं रक्त अख्ख्या अंगाचा हिशोब सांगतच नव्हतं. जिथून वाफ शिरली तिथलाच तो माल. कांदा चिरलेल्या बोटाने दूध चाखायचं आणि दूध नासलं म्हणायचं, तसंच हे, असं तुम्हीच म्हणालात. नव्या हिशोबात कातडीचा वाटा 15 ते 27 टक्क्यांवर आला. कोरड्या हवेत कमी, दमट हवेत जास्त.

शास्त्रज्ञांचा आकडाही दुसऱ्याने तपासला की बदलतो, हे ऐकून माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला. तुमच्या विद्यार्थ्यांचं नशीब म्हणायचं.

खरा फटका मात्र तुम्ही जाता जाता मारलात. पोरं संध्याकाळी हात धुत होती, थिनरनेच, आमच्या धंद्यात सगळीकडे तसंच. तुम्ही म्हणालात, "वाफेचं काय घेऊन बसलात, हे तर पातळ थिनर थेट कातडीवर ओतताय. वर हाताचं तेल निघून जातं, मग कातडीतून आणखी आत शिरतं." बोटांच्या सांध्यांवरच्या पांढऱ्या भेगा तुम्ही त्या पोराला त्याच्याच हातावर दाखवल्यात.

आता शेडमध्ये खोबरेल तेलाची बाटली आणि साबण आहे. आधी तेल चोळून रंग सोडवायचा, मग साबण. वेळ लागतो, कुरकुर होते. थिनरच्या डब्यावर काय काय लिहिलंय ते पोरगं आता वाचून दाखवतं, आणि जिथे नुसतं "सॉल्व्हंट मिश्रण" लिहिलंय तिथे दुकानदाराशी हुज्जत घालतं. उन्हाळ्यात स्प्रेचं काम सकाळी सहालाच उरकतो, घाम फुटायच्या आत. शर्ट अजून कधी कधी काढतो तो, ते तुम्हीच येऊन सांगा.

तुमचे मनापासून आभार, मॅडम.

आपला,
चौफुलीचा पेंटर