शोधयंत्राच्या सूचीबाहेरचे दप्तर

‘सारे काही इंटरनेटवर मिळत असताना संदर्भ ग्रंथालयांवर खर्च कशाला,’ असा सूर असलेला रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला. तो मुळीच पटला नाही. दुव्यांवरून पानोपानी फिरून शोधयंत्राने जी सूची केलेली असते, तेवढ्यातच ते पाहते. लॉगइनच्या आडचा मजकूर, संगणकाने अक्षरे ओळखून मजकुरात न बदललेली स्कॅन पाने त्यात बहुधा येतच नाहीत. मग कधी स्कॅनच न झालेल्या कागदांचे काय? कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात करवीर (कोल्हापूर) संस्थानची मोडी लिपीतील दप्तरे, म्हणजे जुन्या कागदांची बासने, आहेत. संगणकावर लिप्या लिहिण्यासाठीच्या युनिकोड या मानकात मोडीला जागा मिळाली, तीच मुळी २०१४ मध्ये. राजर्षी शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा पन्नास टक्के राखीव जागांचा जाहीरनामा क्षणात सापडतो, कारण तो अनेकांनी छापला, पुन्हा पुन्हा उद्धृत केला. पण ज्या कागदाला आजवर कोणी हातच लावलेला नाही, तो दप्तराची गाठ सोडून मोडी वाचणाऱ्यालाच मिळेल. ‘काहीच सापडले नाही’ म्हणून विद्यार्थी चांगले विषय सोडून देतात, याचे फार वाईट वाटते. ग्रंथालये आणि पुराभिलेखागारांच्या खर्चात कपात नको. मोडी जाणकार व सूचीकार नेमण्यासाठी शासनाने तो वाढवावा.

– एक वाचक, कोल्हापूर