कातडीला लागू देऊ नको

फोंडा,
रविवार, दुपार

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू रडवेली झाली होतीस. साखरपुड्यासाठी ताईला दहा कृत्रिम नखं बसवलीस आणि पाचव्या दिवशी त्यातली तीन सुटली. मी "होतं गं बाय" म्हटलं आणि फोन आईकडे दिला. मला फोनवर धड बोलता येत नाही, म्हणून हे पत्र.

तू हा कोर्स घेतलास तेव्हा मी मनापासून हो म्हटलं नव्हतं. नखांचं कसलं आलंय शिक्षण, असं आईजवळ बोललो होतो. ते चुकलंच माझं. मग तू घरी येऊन पेटी उघडलीस आणि खोलीत माझ्या लॅबचाच वास पसरला. 28 वर्षं कवळ्या करतोय मी, पावडर आणि लिक्विडशीच माझी रोजची गाठ. तुमचं अ‍ॅक्रिलिक आलंही दातांच्या कामातूनच. 1950च्या दशकात फ्रेड स्लॅक नावाच्या अमेरिकन दंतवैद्याचं नख मोडलं, तेव्हा त्यानं हाताशी होतं त्या दातांच्या अ‍ॅक्रिलिकनंच ते सांधलं. तुझी ती लिक्विडची काचेची वाटी, डॅपन डिश, तीही आमच्याकडचीच.

तू पाठवलेला फोटो मोठा करून पुन्हा पुन्हा पाहिला. तिन्ही नखं क्युटिकलच्या, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीच्या, बाजूनं सुटलीत, टोकाकडून एकही नाही. मला वाटतं तुझा मणी, म्हणजे ब्रशच्या टोकाशी लिक्विड-पावडरचा जमणारा गोळा, जास्त ओला होता. ब्रश लिक्विडमधून काढलास की वाटीच्या काठावर नीट निपट, मग टोक पावडरला लाव आणि क्षणभर थांब. मणी दवाच्या थेंबासारखा ब्रशवर गोल बसायला हवा. नखावर ठेवल्यावर तो हळूहळू पसरेल, पण वाहणार नाही. वाहिला की क्युटिकलवर चढतो, आणि कातडीवर चढलेलं अ‍ॅक्रिलिक कधीच टिकत नाही. कातडी हलते, कड सुटते, फटीत पाणी शिरतं. उलट मणी कोरडा झाला तर रवाळ, पांढरट दिसतो आणि नखाला धरत नाही. हा अंदाज वाचून येत नाही. प्लॅस्टिकच्या टिपवर मणीच मणी ठेव, शेकड्यांनी ठेव. आणि क्युटिकलपाशी केसाएवढी फट मोकळी सोड.

दुसरं म्हणजे पाऊस. आपल्याकडे जुलैत मीठसुद्धा पाझरतं, नख कोरडं कसं राहील? नखावर चिकटलेला क्युटिकलचा पातळ पापुद्रा आधी काढ, बफरनं चमक तेवढी घालव, नखाची ओल काढणारं डीहायड्रेटर लाव आणि मग त्या नखाला बोट लावू नकोस. माल नखाला धरून राहावा म्हणून लावायचा प्रायमर अगदी थोडा. एप्रिल-मेमध्ये याच्या उलट होईल. उकाड्यात माल लवकर घट्ट होतो, तेव्हा मणी लहान घे.

आता ज्यासाठी खरं तर लिहायला बसलो ते सांगतो. माझ्या उजव्या हाताची बोटं तू लहानपणापासून बघतेस. थंडीत टोकं चिरतात, आई कोकमाचं तेल लावते. ते वयामुळे नाही. मी जिथं काम शिकलो तिथं सगळे उघड्या हातानं अ‍ॅक्रिलिक मळायचे, मालकसुद्धा. सहा वर्षं काही झालं नाही. मग एक दिवस खाज सुरू झाली आणि ती गेलीच नाही. मोनोमरची, म्हणजे त्या लिक्विडची, अ‍ॅलर्जी, डॉक्टर म्हणाले, आता जन्मभराची. घट्ट झालेल्या मालानं सहसा काही होत नाही, ओला माल कातडीला पुन्हा पुन्हा लागला की होतं. म्हणून नायट्रिलचे हातमोजे घाल, आणि लिक्विड लागलं की लगेच बदल, कारण ते मोज्यातूनही आत जातं. ब्रश बोटांनी पुसू नकोस. गिऱ्हाइकाच्या कातडीला लागलं तर घट्ट व्हायच्या आत काढ. तिला अ‍ॅलर्जी झाली तर पुढं दातांच्या कामातही त्रास होऊ शकतो. वाटी झाकून ठेव, खिडकी उघडी ठेव. साध्या मास्कनं फाइलची धूळ थोडीफार अडते, वाफ अडत नाही.

लेबल नसलेलं स्वस्त लिक्विड कुणी दिलं तर घेऊ नकोस. त्यात बहुधा एमएमए (मिथाइल मेथाक्रिलेट) असतं, ते माझ्या कामाचं, कवळीचं. तुझं ते ईएमए (इथाइल मेथाक्रिलेट). एमएमए इतकं कडक होतं की नख कुठं आपटलं तर अ‍ॅक्रिलिक मोडत नाही, खालचं खरं नख उपटून येतं. एसिटोनमध्येही ते लवकर विरघळत नाही. अमेरिकेत 1970च्या दशकातच त्याच्यावर कारवाई झाली होती.

ताईची उरलेली सात नखं ओढून काढू नकोस. वरचा थर फाइल कर, एसिटोनचा कापूस फॉइलमध्ये गुंडाळून वीसेक मिनिटं ठेव आणि मऊ झाल्यावरच सरकव. नवी बसवशील ती आखूड ठेव. ती रोज विळीवर नारळ खवते.

माझ्याकडची झाकणाची एक डॅपन डिश आणि मोज्यांचे दोन डबे मंगळवारी आईबरोबर पाठवतोय. चवथीला येशील तेव्हा आईच्या करंगळीवर एक नख बसवून दाखव. बाकीची बोटं तिला नेवऱ्यांना मुरड घालायला हवीत.

तुझे,
बाबा